सबटायटलच्या दोन ओळींत न मावलेलं

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' थोडे कमी केलेत.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, किंवा कॅमेरा बंद करून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला असाल, तर आवाज जरा वाढवा. नागपूरहून बोलतोय. बाहेर ऊन आहे, आत कूलर आहे, त्यामुळे मागून घरघर आली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आपल्या सगळ्यांचा आहे. आपण जगभरचे सिनेमे बघतो, सिरीज बघतो आणि मग त्यावर मत देतो. मत द्यायला कुणाची परवानगी लागत नाही आणि लागूही नये. मीसुद्धा काही समीक्षक नाही. बी.टेक. केलंय, दिवसा कोड लिहितो, रात्री जेवण झाल्यावर काहीतरी लावतो. कोरियन, इराणी, इटालियन, मल्याळी, जे सापडेल ते.

तर आपल्या गप्पांमध्ये जी मतं येतात ना, ती साधारण तीन प्रकारची असतात. एक, "भारी आहे, पण स्लो आहे." दोन, "ॲक्टिंग जरा लाऊड वाटली." आणि तीन, हे बहुतेक आपल्याच सिनेमांबद्दल येतं: "भाषा काऊन अशी आहे बे, गावठी?" आज या तिन्ही मतांना थोडं उघडून बघायचंय. कुणाला चूक ठरवायचं नाहीये. फक्त एक प्रश्न जोडायचाय. मत देण्याआधी स्वतःला विचारायचं: मी हा सिनेमा ऐकला, की फक्त वाचला?

आता हे काय नवीन, असं वाटेल. सांगतो.

आपण परदेशी सिनेमा बघतो म्हणजे खरं तर काय करतो? स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर इंग्रजी वाचतो. आणि ती पट्टी फार छोटी असते. नेटफ्लिक्सचे सबटायटलचे नियम कुणालाही वाचता येतात. इंग्रजीसाठी एका ओळीत जास्तीत जास्त ४२ कॅरेक्टर, आणि एका वेळी स्क्रीनवर दोनच ओळी. म्हणजे ८४ कॅरेक्टर. त्यात स्पेस आली, स्वल्पविराम आला, सगळं आलं. वर एक सबटायटल जास्तीत जास्त सात सेकंद ठेवायचं. आता विचार करा, आपली एखादी मावशी लग्नघरात सात सेकंदांत किती बोलते? (हसतो) ते ८४ कॅरेक्टरमध्ये बसवायचं म्हणजे काहीतरी कापावंच लागणार. म्हणून सबटायटल करणाऱ्याचं निम्मं काम कापण्याचं असतं.

कोडवाल्या मित्रांसाठी एक गंमत. देवनागरीत हे मोजायला गेलं की अजून मजा येते. 'स्त्री' हा शब्द डोळ्याला एक अक्षर दिसतो. पण युनिकोडमध्ये तो सहा तुकड्यांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वर दीर्घ ईची वेलांटी. इंग्रजीवरून बनवलेला मोजमापाचा नियम मराठीला तसाच लावला, तर आपल्या ओळी विनाकारण लांब ठरतात.

बरं, कापताना काय जातं? गोष्ट सहसा जात नाही. कोण कुणाला मारतो, कोण कुणाशी लग्न करतो, ते कळतं. जातं ते नातं, पत आणि गाव.

उदाहरण घेऊ. 'पॅरासाइट', बाँग जून-हो यांचा सिनेमा. २०१९ मध्ये कानला सर्वोच्च पुरस्कार, मग चार ऑस्कर. त्यातली श्रीमंत बाई फोन करून सांगते, मी घरी पोचतेय, नूडल्स करून ठेव. इंग्रजी सबटायटलमध्ये त्या पदार्थाला 'रॅमडॉन' म्हटलंय. असा शब्दच नव्हता, तो सबटायटलसाठी बनवला. मूळ पदार्थ आहे 'चापागुरी', म्हणजे दोन स्वस्त पाकिटांचे नूडल्स एकत्र करून केलेला घरगुती जुगाड. आणि त्यावर ही बाई काय टाकायला सांगते? महागातलं बीफ. कोरियन माणसाला इथे लगेच टोचतं. आपल्याकडे कुणी टपरीवरच्या तर्री पोह्यावर केशर टाकायला सांगावं, तसं. पैसा इतका आहे की गरिबाच्या खाण्यावरही श्रीमंती शिंपडता येते. आपण वाचतो 'रॅमडॉन', वाटतं काहीतरी कोरियन डिश असेल, आणि पुढे जातो.

त्याच सिनेमात बाप पोराची खोटी कागदपत्रं बघून कौतुकाने सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचं नाव घेतो. इंग्रजीत तिथे 'ऑक्सफर्ड' आलं. कारण बाहेरच्या प्रेक्षकाला सोलच्या विद्यापीठाचा दबदबा कळणार नाही. सबटायटल करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने विनोद वाचवला. पण विनोद वाचला आणि गाव गेलं.

दुसरं उदाहरण 'स्क्विड गेम'चं, २०२१ चा पहिला सीझन. त्यातला अली आठवतोय? पाकिस्तानी कामगार. ते काम अनुपम त्रिपाठी या आपल्या भारतीय नटाने केलंय. हा अली संगवूला 'साजांगनिम' म्हणत असतो, म्हणजे 'मालक', 'साहेब'. मग संगवू त्याला म्हणतो, मला 'ह्योंग' म्हण. ह्योंग म्हणजे मोठा भाऊ. इंग्रजीला या जागी तयार जोडीच नाही. 'सर'वरून उतरायचं तर थेट नुसत्या नावावर यावं लागतं. पण मराठीत? अरे, आपल्याला काहीच करावं लागत नाही! 'साहेब नको, भाऊ म्हण.' झालं. आणि नागपूरच्या माणसाला तर ते जास्तच कळतं, कारण इथे 'भाऊ' हा शब्द ऑटोवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना लागतो, पण कोण कुणाला खरंच भाऊ मानतो ते आवाजावरून कळतं. पुढे गोट्यांच्या खेळात त्या दोघांचं काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सोडतो. एवढंच म्हणतो की 'साहेब'पासून 'भाऊ'पर्यंतचा तो प्रवास ज्याच्या कानावर पडला, त्याला तो भाग दुप्पट लागतो.

म्हणजे बघा, जी गोष्ट इंग्रजीत गळते, ती आपल्या भाषेत अलगद बसते. पण आपण कोरियनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून डोक्यातल्या मराठीत असं फिरून येतो. मधल्या स्टेशनवर सामान राहून जातं.

आता तिसऱ्या मताकडे येतो. 'गावठी भाषा.' इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण हे घरचं आहे.

आपली नागपुरी. 'काऊन', 'कायले', 'मले', 'तुले', 'करून राहिलो', आणि वाक्याच्या शेवटी प्रेमाने किंवा रागाने येणारा 'बे'. पुण्या-मुंबईच्या दोस्तांना यातलं 'करून राहिलो' फार मजेशीर वाटतं. त्यामागे साधं कारण आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. शाळा, कचेरी, बाजार, सगळीकडे हिंदी शेजारी बसलेली. त्यामुळे आपल्या बोलण्यात हिंदीची ढब दिसते, यात नवल ते काय? दोन पिढ्या एका बाकावर बसल्या की सवयी लागतातच.

आणि जुनेपणाचंच विचाराल, तर 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला गेला, तो रिद्धपूरला. अमरावती जिल्ह्यात. आपल्याकडे. त्यामुळे 'शुद्ध मराठी कुठली' हा वाद कुणी काढला की मी शांतपणे चहा घेतो. (हसतो)

पण पडद्यावर आपली ही भाषा बरीच वर्षं कशी ऐकू आली? हसवायला. टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की घरात आधीच हसू सुरू व्हायचं. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे बोलायला लागले की आम्हीही खळखळून हसलोय, आणि ते आपले वाटायचे म्हणून जास्तच हसलोय. त्यांच्यामुळे कोकणातल्या माणसालाही वऱ्हाडी कानाला ओळखीची झाली, हे मोठंच काम आहे. प्रश्न एकट्या कलाकाराचा नाहीच. प्रश्न असा आहे की एखादी भाषा पडद्यावर फक्त हसवायलाच येत असेल, तर ती बोलणारा माणूस रडत असला तरी समोरच्याला हसू येतं.

मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हाचं सांगतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, असं कुठेही होतं. रात्री प्रॉडक्शनमध्ये गडबड झाली होती, सर्व्हर पडलेला, क्लायंट ओरडत होता. कॉलवर मी घाईत म्हणालो, "मी बघून राहिलो ना, दोन मिनिटं द्या मले." पलीकडे शांतता, आणि मग हसू फुटलं. एक जण म्हणाला, "यार, तू सीरियस असतानाही कॉमेडी शो वाटतो." कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मलाही माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी कॉलवर बोलताना माझ्या तोंडून 'बघतोय' आलं. त्यानंतर 'बघून राहिलो' ऑफिसात कधी आलं नाही. कुणी सक्ती केली नाही, नियम केला नाही. ते आपोआप गळलं.

हे ऐकणाऱ्यांमध्ये कितीतरी जण मान हलवत असतील. लातूरचे, कोल्हापूरचे, मालवणचे, जळगावचे. आईच्या फोनवर एक भाषा, मॅनेजरच्या फोनवर दुसरी. फोन ठेवता ठेवता गिअर बदलायचा.

आणि म्हणून मला एक इटालियन सिरीज फार जवळची वाटते. 'माय ब्रिलियंट फ्रेंड'. एलेना फेरांते यांच्या कादंबऱ्यांवरची, २०१८ पासून आली, चार सीझन. नेपल्स शहराच्या एका गरीब वस्तीतल्या दोन मैत्रिणी, लेनू आणि लिला. लेनू शिकत जाते, पुढे पिसाला जाते. लिला वस्तीत राहते. इंग्रजी सबटायटल लावून बघितलं तर सगळे 'इटालियन' बोलतायत असं वाटतं. पण तसं नाहीये! वस्तीतली माणसं नेपल्सची बोली बोलतात, आणि ती इतकी वेगळी आहे की खुद्द इटलीत ही सिरीज दाखवताना त्या संवादांना खाली इटालियन सबटायटल होते. 'गोमोरा' या तिथल्या गुन्हेगारीवरच्या सिनेमाचंही तसंच, २००८ चा. आपल्याच देशात, आपल्याच माणसांना सबटायटल.

लेनू शाळेत प्रमाण इटालियन शिकते, घरी बोली बोलते, आणि पिसाला गेल्यावर तिच्या उच्चारांवरून तिला हसतात. कथेचा अर्धा ताण या दोन भाषांमध्ये आहे. आणि इंग्रजी सबटायटलमध्ये तो जवळजवळ सपाट होतो. दोन्हीकडे तेच गुळगुळीत इंग्रजी.

माझी आई हा पहिला सीझन माझ्यासोबत बसून बघत होती. तिला इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल धावतात तेवढ्या वेगाने नाही. मी मधूनमधून सांगत होतो, काय चाललंय ते. दुसऱ्या की तिसऱ्या भागात ती एकदम म्हणाली, "हे पोट्टी मायसंगं एक बोलते, अन् मास्तरीणसंगं दुसरंच बोलते."

मी पॉज केलं. परत मागे नेऊन ऐकलं. खरंच! लेनू बाईंशी बोलताना आवाज, शब्दांचे शेवट, सगळं बदलत होतं. आईला इटालियन येत नाही, नेपल्स कुठे आहे हेही तिला माहीत नव्हतं. पण ती वाचत नव्हती, ती ऐकत होती. शिवाय तिचं निम्मं आयुष्य हेच ऐकण्यात गेलंय, पोरगा फोनवर कुणाशी बोलतोय ते दुसऱ्या खोलीतून त्याच्या भाषेवरून ओळखायचं.

आता सांगा, त्या सिरीजवर जास्त मोलाचं मत कुणाचं? चार तारे देऊन 'स्लो बट गुड' म्हणणाऱ्याचं, की आईच्या त्या एका वाक्याचं?

मला इथे असं म्हणायचंय की साध्या प्रेक्षकाचं मत हलकं नसतं. ते हलकं होतं जेव्हा आपण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून घेतो, 'पेसिंग', 'थर्ड ॲक्ट' असले शब्द उसने घेऊन बोलतो. आपण जिथे बसून बघतो तिथून जे दिसतं ते सांगितलं, की त्याला वजन येतं. नागपुरातून नेपल्स नीट दिसतं. कारण आपल्या भाषेला कुणी हसलं की कसं वाटतं, ते आपल्याला पाठ आहे.

कोरियात बघा, 'रिप्लाय १९९७' नावाची सिरीज २०१२ मध्ये आली. बुसान शहरात घडते. सोल म्हणजे तिथली मुंबई-पुणे, आणि बुसानची बोली वेगळी. त्यातली नायिका जंग उन-जी मूळची बुसानचीच आहे, आणि त्या बोलीत ती प्रेम करते, भांडते, बापावर ओरडते. ती बोली तिथे गमतीपुरती आणलेली नाही, नायिकेचीच ती भाषा आहे. आपण सबटायटल वाचणाऱ्यांना हे कळायला मार्गच नाही. आणि मग 'ॲक्टिंग लाऊड वाटली' हे मत तयार होतं. अरे बाबा, लाऊड नाहीये ती, बुसानची आहे! चंद्रपूरच्या आत्याला कुणी 'लाऊड' म्हणेल का? म्हणेल, जर त्याने फक्त वाचलं असेल तर.

आता आपल्या घरी परत येतो. दोन सिनेमे.

पहिला 'झुंड'. नागराज मंजुळे, मार्च २०२२. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावर बेतलेला. ते हिस्लॉप कॉलेजमध्ये क्रीडा शिक्षक होते, आणि झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवता खेळवता २००१ मध्ये 'स्लम सॉकर' उभं राहिलं. अमिताभ बच्चन त्यात आहेतच, पण मी बोलतोय पोरांबद्दल. त्यातली कितीतरी पोरं इथलीच. अंकुश गेडामला तर पदार्पणासाठी फिल्मफेअर मिळालं. सिनेमा हिंदी आहे, पण ती हिंदी मुंबईची नाही. ती इथली आहे, 'बे' वाली. सिनेमा आल्यावर मी माझ्याच ओळखीतल्या लोकांकडून ऐकलं, "पोट्ट्यांची भाषा फार टपोरी आहे." नागपुरातच ऐकलं. जे रोज तसंच बोलतात त्यांच्याकडून. पडद्यावर आपली भाषा हसण्यासाठी नसली, तर ती आपल्यालाच खटकते. इतकी सवय झालीय. 'भाषा टपोरी आहे' हे मत सिनेमावर नसतं. ते त्या वस्तीवर असतं, आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही.

दुसरा 'स्थळ'. जयंत दिगंबर सोमलकर यांचा. २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात गेला, तिथे नेटपॅकचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे थिएटरात यायला मार्च २०२५ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव. सविता नावाची मुलगी, कॉलेजात शिकते, स्पर्धा परीक्षा द्यायचीय. बाप कापूस पिकवतो, भावाची वाट बघतो. आणि घरी स्थळं येत राहतात. पाहुणे बसतात, तिला बसवतात, आणि विचारतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच. सिनेमा उघडतो तोच उलटा, बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारतायत. ते स्वप्न असतं.

यातली बहुतेक माणसं पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नव्हती. त्यांची भाषा आपली आहे, आणि गंमत सांगू? तिला कुणी हसत नाही. पहिली पाच मिनिटं आपल्याच कानाला चुकल्यासारखं होतं, आता जोक येईल, आता येईल. येत नाही. मग हळूहळू कळतं की ही भाषा बोलणारी मुलगी गप्प बसते तेव्हाही ऐकू येते.

आणि सिनेमाचं नावच बघा ना. 'स्थळ'. मराठीत त्याचे दोन अर्थ. लग्नाचं स्थळ, आणि जागा. ही जागा, हे गाव, ही कोरडवाहू जमीन. इंग्रजीत नाव झालं 'अ मॅच'. लग्न राहिलं, जागा गेली. कुणाची चूक नाही, तिकडे एका शब्दात दोन्ही बसतच नाही. पण आपल्याला दोन्ही ऐकू येतात, फुकटात. टोरंटोच्या प्रेक्षकाकडे हे नव्हतं. आपल्याकडे आहे, तर ते वापरायला काय हरकत आहे?

आता पहिल्या मताचं काय? 'स्लो आहे.' 'स्थळ'बद्दलही हे ऐकलं, 'तेच तेच दाखवतात.' हो, तेच तेच दाखवतात. कारण त्या मुलीच्या आयुष्यात तेच तेच होतं. आपल्याला दोन तासांत कंटाळा आला, तिला दोन वर्षं बसावं लागतं. हा कंटाळा दिग्दर्शकाने हातून निसटून येऊ दिलेला नाही, तो मोजून दिलाय.

इराणचे अब्बास कियारोस्तामी आठवा. 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस', १९८७. आठ-नऊ वर्षांचा पोरगा, चुकून मित्राची वही घरी आणलेली. वही परत दिली नाही तर उद्या मित्राला शाळेतून काढतील. बस, एवढीच गोष्ट. तो शेजारच्या गावात जातो, घर विचारतो, कुणी ऐकत नाही, परत येतो, परत जातो. त्याच टेकडीवरची तीच नागमोडी वाट. स्लो? हो. पण मोठी माणसं लहान पोराचं ऐकत नाहीत, हे दाखवायचं असेल तर आपल्यालाही तेवढा वेळ ताटकळत बसावं लागतं. मी इतकंच म्हणेन, 'स्लो आहे' म्हणा, बिनधास्त म्हणा. पण पुढे एक वाक्य जोडा: कुणासाठी स्लो? माझ्यासाठी, की त्या पात्रासाठी? दोन्ही उत्तरं चालतील. काही सिनेमे खरंच विनाकारण लांब असतात, ते आपल्यासाठी स्लो असतात आणि पात्रालाही झोप येत असते. (हसतो) त्यांना सोडून द्या, अर्ध्यात बंद करा, काही पाप लागत नाही.

बरं, हे सगळं ऐकून करायचं काय? नुसतं प्रवचन नको. तीन कामं सांगतो, तिन्ही मोबाइलवर होतात.

पहिलं. डब्ड आणि ओरिजिनल यात शक्य तिथे ओरिजिनल आवाज लावा, आणि एखादा सीन सबटायटल बंद करून बघा. एकच, दोन-तीन मिनिटांचा. कोण आवाज खाली घेतो, कोण कुणाला कशी हाक मारतो, ऐका. भाषा येत नसली तरी बरंच कळतं. घरात आई, आजी, कुणी असेल तर त्यांना जवळ बसवा. सबटायटल वाचता न येणं हा त्यांचा कमीपणा आहे असं धरून आपण त्यांना बाहेर ठेवतो, आणि त्यांच्या कानाला मात्र जे ऐकू येतं त्याला आपण मुकतो.

दुसरं. मत देताना जागेवरून द्या. 'स्टोरी वीक' यापेक्षा 'आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा पाहुणे असेच बसतात' हे जास्त कामाचं आहे. ते ऐकून मी सिनेमा बघीन. 'स्टोरी वीक' ऐकून मला काहीच कळत नाही.

तिसरं, हे खास आपल्या टेकवाल्या पोट्ट्या-पोट्टींसाठी. सबटायटलची फाइल म्हणजे काही रॉकेट नाही. एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. एक क्रमांक, खाली सुरू होण्याची आणि संपायची वेळ, खाली मजकूर, मग एक ओळ रिकामी. झालं. तुमच्या कॉलेजमधल्या कुणी शॉर्ट फिल्म केली असेल ना, तिला मराठी सबटायटल करून द्या. आणि फिल्म वऱ्हाडीत असेल तर सबटायटलमध्ये ती पुसून 'जात आहे, करत आहे' करू नका. 'करून राहिली' बोललंय तर 'करून राहिली' लिहा. वाचणाऱ्याला कळतं. नाही कळलं तर विचारेल, विचारल्याने काही बिघडत नाही. दहा मिनिटांच्या फिल्मला एक रविवार जातो. त्यात इतकं शिकायला मिळतं की पुढच्या वेळी कोणत्याही देशाचं सबटायटल वाचताना, इथे या बिचाऱ्याने काय कापलं असेल, ते तुमच्या लक्षात येईल.

हे सगळं एवढ्या तळमळीने सांगायचं कारण एकच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपण काय बघू हे आपल्या बघण्यावर, आपल्या मतांवर ठरणार आहे. 'स्थळ'सारखा सिनेमा टोरंटोहून चंद्रपूरला यायला दीड वर्ष लागतं. आला की आपण 'गावठी आहे, स्लो आहे' म्हणून सोडून दिला, तर पुढचा येणारच नाही. मग पडद्यावर आपली भाषा परत एकदा फक्त हसवायला येईल. आणि इकडे कॉलवर कुणीतरी पोरगा, सर्व्हर पडलेला असताना, आधी आपली भाषा दुरुस्त करेल आणि मग सर्व्हर.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या बोलीतला एक शब्द सांगा, जो इंग्रजी सबटायटलमध्ये कधीच बसणार नाही. आणि कोणत्या सिनेमात, कोणत्या देशातल्या माणसाच्या तोंडी तो चपखल बसला असता, तेही सांगा. व्हॉइस नोट पाठवा, लिहून नको. लिहिलं की आवाज जातो, आणि आज एवढा वेळ आपण त्याबद्दलच बोललो. पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्याच आवाजात लावू.

चला, येतो मग. म्हणजे, 'जाऊन राहिलो'. काळजी घ्या, पाणी प्या, ऊन फार आहे बाप्पा.